वाढवणच्या १२ लाख रोजगारांतले आपल्या वाट्याला किती? आपल्या भागाचा दहा वर्षांचा रोजगार-अंदाज स्वतः बांधण्याची रीत

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, पूर्ण क्षमता वर्षाला २९८ दशलक्ष टन माल. सोबत रोजगाराचा आकडाही आला. सरकारकडून तो कधी १० लाख सांगितला गेला, कधी १२ लाख. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून.

हा आकडा आता जिल्ह्याशेजारी ठेवून बघा. २०११च्या जनगणनेत आजच्या पालघर जिल्ह्याच्या हद्दीत सुमारे ३० लाख माणसं होती. त्या वर्षी महाराष्ट्रात शंभरातले ४४ जण काही ना काही काम करत होते. तेच प्रमाण इथे लावलं तर अख्ख्या जिल्ह्यात काम करणारे भरतात सुमारे १३ लाख. त्यात वसईचा बँक कारकून आला, मोखाड्याचा शेतमजूर आला, सातपाटीचा मच्छीमारही आला. एकटं बंदर जवळपास तेवढीच नवी कामं देणार, असा त्या वाक्याचा अर्थ ऐकणारा घेतो. आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. पण तो कुठल्या भूभागाचा, किती वर्षांत मिळून, त्यात बांधकामावरचे मजूर धरले का, महामार्गावर पंक्चर काढणारा धरला का, हे कळल्याशिवाय त्याच्या भरवशावर कुणी पोरांचं शिक्षण ठरवू नये.

अमेरिकेत श्रम-सांख्यिकी विभाग नियमितपणे पुढच्या दहा वर्षांचे व्यवसायवार अंदाज प्रसिद्ध करतो आणि तिथली राज्यं आपापल्या भागाचे करतात. आपल्याकडे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाने २०१२ ते १७ आणि २०१७ ते २२ अशा दोन टप्प्यांसाठी जिल्हावार कौशल्य-तुटीचे अभ्यास करून घेतले होते, त्यात महाराष्ट्रही होता. त्यांची मुदत उलटून गेली आहे. तरी आपल्या जिल्ह्याचं प्रकरण मिळालं तर जरूर वाचा, कारण काय होईल असं म्हटलं होतं आणि काय झालं हे तुम्हाला शेजारी शेजारी ठेवता येतं. त्या दहा वर्षांत नोटाबंदी आली, जीएसटी आला, २०२०चं लॉकडाउन आलं. ते लिहिणाऱ्यांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. पुढे सांगितलेली रीत हे लक्षात ठेवूनच वापरायची आहे: तिच्यातून निघतो तो अदमास. पण बातमीतल्या आकड्यापेक्षा तो कितीतरी कामाचा असतो.

एक वही, मोबाइल आणि चार-पाच रविवार एवढं पुरतं. पालक, बारावीचे विद्यार्थी, शाळेत समुपदेशन करणारे शिक्षक, गावातली वाचनालयं, कुणीही हे करू शकतं.

पायरी १ : भूभाग ठरवा, आणि तो जिल्ह्याच्या नकाशावरून ठरवू नका

माणूस सकाळी घरून निघून रात्री परत येऊ शकेल तेवढा टापू हा त्याचा खरा रोजगार-भाग. तलासरीचा मुलगा पालघरच्या नोकऱ्या मोजत बसला तर त्याचं चुकेल. त्याला उमरगाव आणि वापी जवळ पडतात, आणि ते गुजरातेत आहेत. विरारची मुलगी लोकलने अंधेरीपर्यंत जाते. जव्हार-मोखाड्याच्या मुलाला यातलं काहीच रोजच्या अंतरावर नाही, त्याला खोली घेऊन राहावं लागतं आणि मग पगारातून खोलीभाडं वजा करावं लागतं. एकाच जिल्ह्यात हे तीन वेगळे बाजार आहेत.

तळकोकणात तर हे फारच ठळक दिसतं. दोडामार्ग, सावंतवाडीकडची मुलं वर्षानुवर्षं कामाला गोव्यात जातात. मोप्याच्या विमानतळावरून जानेवारी २०२३मध्ये उड्डाणं सुरू झाली तेव्हा पेडण्याइतकाच परिणाम बांदा-सातार्ड्याच्या बाजूलाही व्हायचा होता. सिंधुदुर्गाचा अंदाज बांधताना गोवा सोडला तर निम्मं चित्रच गायब होतं.

वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: दीड तासात पोचता येईल अशी ठिकाणं, तिथे जायचं साधन, आणि शेवटची बस किंवा गाडी किती वाजता. मुलींच्या बाबतीत ही तिसरी नोंद बहुतेक वेळा निर्णायक ठरते. कारखान्यात जागा आहे, पण दुसरी पाळी रात्री अकराला सुटते आणि त्यानंतर गाडी नाही, तर ती जागा तिच्यासाठी मोजायची नाही.

पायरी २ : आज कोण काय करतं ते मांडा

यासाठी लागणारी बरीच माहिती सरकारच छापतं. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते. त्याच संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन फारसं कुणी उघडत नाही. माझ्या मते घरात ठेवण्यासारखं तेच आहे: तालुकावार कारखाने, पीकक्षेत्र, शाळा, दवाखाने, बँका, वाहनं. जिल्ह्याच्या ठिकाणी सांख्यिकी कार्यालय असतं, तिथे विचारायला संकोच करू नका.

केंद्राची नियतकालिक श्रमबल पाहणी २०१७पासून चालू आहे. जानेवारी २०२५पासून तिची रचना बदलली, दरमहा आकडे येऊ लागले आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला. लोकसंख्येचा पाया मात्र अजून २०११चाच आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

ही पाहणी वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, बेरोजगारीचा दर कमी म्हणजे भाग सुखी, हा समज. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे त्याला बेकार राहणं परवडतच नाही, तो मिळेल ते करतो आणि कामकऱ्यांत मोजला जातो. पदवी घेऊन वर्षभर स्पर्धा परीक्षेला बसणारा मुलगा कुठल्या घरातून येतो हे बघितलं की कोडं उलगडतं. दुसरं, घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाराही या पाहणीत कामात धरला जातो. देशात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के झाला. या वाढीचा मोठा भाग खेड्यातल्या स्वयंरोजगाराचा आणि घरच्या कामातल्या मदतीचा आहे. एवढ्या नोकऱ्या निघाल्या असं त्यातून काढू नका.

भविष्य निर्वाह निधीच्या नव्या सभासदांचे आकडे २०१८पासून दरमहा येतात आणि वर्तमानपत्रांत ते नव्या नोकऱ्या म्हणून छापले जातात. जुनाच कामगार पहिल्यांदा नोंदला गेला तरी तो त्यात नवा दिसतो. दिशा बघायला हे आकडे ठीक, मोजायला नाहीत.

या सगळ्यातून वहीत दहा-बारा ओळी उतरल्या पाहिजेत: शेती, मासेमारी, बांधकाम, रसायन, इंजिनिअरिंग, वाहतूक-गोदाम, दुकानदारी, शाळा, आरोग्य, सरकारी कार्यालयं, हॉटेल-पर्यटन, घरकाम. समोर अंदाजे माणसं. शेवटच्या अंकापर्यंत अचूक असायची गरज नाही, हजारात चालेल.

पायरी ३ : आपला भाग कशात एकवटलाय ते काढा

हा साधा भागाकार आहे. समजा तुमच्या टापूत एक लाख कामकरी आहेत आणि त्यांतले १२,००० रसायन कारखान्यांत. म्हणजे १२ टक्के. राज्यात हेच प्रमाण ४ टक्के असेल, तर १२ भागिले ४, उत्तर ३. उत्तर एकच्या वर जितकं जास्त, तितका तो उद्योग तुमच्या भागाचा कणा. बोईसर-तारापूर, इचलकरंजीचे यंत्रमाग, चाकणचा वाहन उद्योग, अशा ठिकाणी ते चांगलंच वर जाणार हे आकडे न बघताही सांगता येईल.

पण कणा आहे म्हणजे तो वाढतोय असं होत नाही. ते बघायला आणखी एक हिशेब आहे आणि तो करणारे फार थोडे. तुमच्या भागात रसायनातले कामगार पाच वर्षांत १२,००० वरून १३,२०० झाले, असं समजू. वाढ १० टक्के. छान वाटतं. आता बघा, त्याच पाच वर्षांत राज्यातला एकूण रोजगार ८ टक्क्यांनी वाढला आणि राज्यातला रसायन उद्योगाचा रोजगार १४ टक्क्यांनी. मग तुमच्याकडच्या १,२०० वाढीची फोड अशी होते: सगळीकडेच वाढ होती म्हणून मिळालेले ९६० (१२,०००चे ८ टक्के), हा उद्योग सरासरीपेक्षा जोरात होता म्हणून मिळालेले ७२० (वरचे ६ टक्के), आणि तुमच्या भागामुळे गमावलेले ४८०. बेरीज बरोबर १,२०० येते. वरवर वाढ दिसते, आतून तुमचा भाग आपल्याच उद्योगात मागे पडतोय. जमीन महाग झाली, सांडपाण्याची क्षमता संपली, नवे कारखाने दुसरीकडे चालले. कारण स्थानिक असणार आणि ते शोधायला हवं. एखाद्या भागाच्या दहा वर्षांबद्दल हा उणे आकडा जेवढं सांगून जातो, तेवढं बाकीचं काहीच सांगत नाही.

पायरी ४ : घोषणा गाळून घ्या

प्रत्येक मोठ्या प्रकल्पासमोर तो कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहा: सामंजस्य करार, जमिनीचा ताबा, पर्यावरण मंजुरी, वित्तपुरवठा, बांधकाम, उत्पादन. जमिनीचा ताबा आणि मंजुरी झाल्याशिवाय वहीत शून्य. कठोर वाटेल, पण अनुभव तसाच आहे. २०२२मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प महाराष्ट्रातून गुजरातला गेला म्हणून रान उठलं. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. रत्नागिरीची रिफायनरी आधी नाणारला होणार होती, मग बारसूला, आणि तिच्या भरवशावर ज्या मुलांनी दहावीनंतरचे निर्णय घेतले असतील त्यांची पंचविशी उलटली.

उद्दिष्ट आणि अंदाज यांतही गल्लत होते. नीती आयोगाच्या मुंबई महानगर प्रदेशाच्या आराखड्यात तिथली अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३०पर्यंत ३०० अब्जांवर न्यायचं म्हटलं आहे. इथे पोचायचं ठरवलंय, असं ते सांगतं. आहे त्या वेगाने आपण कुठे पोचू, हे सांगण्याचं त्याचं काम नाही. वहीत उद्दिष्टांचं पान वेगळं ठेवा.

आता वाढवण. ऑगस्ट २०२४मध्ये भूमिपूजन झालं, म्हणजे कागदावरचे बरेच टप्पे ओलांडले आहेत आणि हे बंदर शून्यात टाकता येत नाही. मग कामांचे चार ढीग करा.

पहिला ढीग बांधकामाचा. भराव, लाटरोधक बांध, रस्ता, रेल्वे. इथे खूप माणसं लागतात, पण ठरावीक वर्षं. त्यातली बरीच ठेकेदार आपल्याबरोबर बाहेरच्या राज्यांतून आणतो, कारण त्यांची टोळी आधीच्या कामावर तयार झालेली असते. समृद्धी महामार्गाचं उदाहरण ताजं आहे: ७०१ किलोमीटर, शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला आणि बांधकामावरची फौज पुढच्या कामाला निघून गेली. मागे उरले ते टोलनाके, पंप, ढाबे, गॅरेज, आणि जिथे खरंच झाली तिथे गोदामं.

दुसरा ढीग बंदर चालवण्याचा. नव्या कंटेनर टर्मिनलवर क्रेन मोठ्या आणि माणसं कमी. क्रेन ऑपरेटर, रीच-स्टॅकर (कंटेनर उचलून रचणारी गाडी) चालक, देखभालीचे इलेक्ट्रिशियन आणि मेकॅनिक, सर्व्हेअर, सुरक्षा. पगार बरे, संख्या बेताची, आणि पहिला टप्पा २०३०च्या आसपास सुरू व्हायचा असल्याने खरी भरती त्या सुमाराला.

तिसरा ढीग बंदरामागचा, आणि सगळ्यांत जास्त माणसं इथेच सामावतात. न्हावाशेवाचं बंदर १९८९मध्ये सुरू झालं. त्यानंतर उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनर यार्ड, गोदामं, ट्रेलरचे तळ, कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या एजंटांची कार्यालयं पसरत गेली. पण ती वर्षांनुवर्षांत पसरली. बंदर सुरू झालं त्या साली कुणी सगळ्या नोकऱ्या वाटल्या नव्हत्या. डहाणू-पालघरचा तिसरा ढीग त्यामुळे २०३०नंतर हळूहळू उभा राहील असंच मी धरेन. त्यात आणखी एक गाठ आहे. डहाणू तालुका १९९१च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला आहे आणि तिथे उद्योगांवर मर्यादा आहेत. गोदामं बंदराला चिकटून होतील की महामार्गाने दूर सरकतील, हे या मर्यादांवरही ठरेल.

चौथा ढीग वजाबाकीचा. सरकारी आकड्यात तो नसतो आणि वहीत असलाच पाहिजे. किनाऱ्यावरची मासेमारी, मासळी सुकवणाऱ्या आणि बाजारात बसणाऱ्या बायका, वरोर-चिंचणीकडची दागिन्यांच्या डाय (साचे) बनवणारी घरगुती कामं. स्थानिक मच्छीमारांचा विरोध त्यासाठीच आहे. पन्नाशीच्या मच्छीमारणीला क्रेन ऑपरेटरची जागा मिळणार नाही. एका घरातलं काम गेलं आणि दुसऱ्या घरात आलं, तर बेरजेत शून्य दिसतं आणि पहिल्या घरात चूल थंडावते. आपलं घर कुठल्या बाजूला आहे ते स्पष्ट लिहा.

पायरी ५ : रिकाम्या होणाऱ्या जागा मोजा

घोषणांचा गाजावाजा होतो, निवृत्तीचा होत नाही. दीर्घ पल्ल्याच्या अंदाजात बहुतेक व्यवसायांत नव्याने तयार होणाऱ्या जागांपेक्षा जुन्या माणसांनी सोडलेल्या जागा जास्त निघतात.

उदाहरण करून बघू. समजा तुमच्या टापूत २,००० इलेक्ट्रिशियन आहेत आणि काम वर्षाला दीड टक्क्याने वाढतंय. दहा वर्षांनी २,३२० लागतील, म्हणजे नव्या जागा ३२०. माणूस साधारण ३०-३५ वर्षं काम करतो, त्या हिशेबाने वर्षाला सुमारे ३ टक्के बाहेर पडतात: निवृत्ती, आजारपण, धंदा बदलणं. सरासरी २,१६० माणसांवर वर्षाला ६५, दहा वर्षांत ६५०. एकूण संधी ९७०, म्हणजे वर्षाला ९७. त्यातल्या दोनतृतीयांश फक्त जुने लोक बाहेर पडल्यामुळे. वाढ शून्य असलेल्या धंद्यातही वर्षाला साठेक जागा निघतात, हे यातून दिसतं.

सरकारी जागांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. राज्य शासनात बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे जागा कधी रिकामी होणार ते नक्की सांगता येतं. ती भरली जाईल की कंत्राटी होईल की गोठवली जाईल, हे सांगता येत नाही.

पायरी ६ : त्या जागांसाठी रांगेत किती जण

मागणीचे अंदाज सगळे करतात, पुरवठा मोजत नाहीत, आणि महाराष्ट्राने याची किंमत डी.एड.च्या रूपाने मोजली आहे. २०००नंतरच्या दशकात गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली. बारावी, मग दोन वर्षं, मग जिल्हा परिषदेत गुरुजी, हा रस्ता इतका खात्रीचा वाटत होता की लोकांनी जमिनी विकून प्रवेश घेतले. २०१०च्या शिक्षक भरतीच्या सीईटीनंतर भरती जवळपास आटली. शिक्षक अभियोग्यता चाचणी व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. तोवर लाखो मुलांची उमेदीची वर्षं गेली आणि कॉलेजं ओस पडली. पहिलीत येणाऱ्या मुलांची संख्या आणि तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण, एवढं जरी कुणी गावात मोजलं असतं तरी पुढचं दिसलं असतं. महाराष्ट्राचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ या काळात, १.७ होता. लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या तर २००१ ते २०११मध्येच घटली होती. तिथे शाळा कमी होणार आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारे हात जास्त लागणार, हे कुठल्याही उद्योगधोरणापेक्षा जास्त खात्रीने सांगता येतं. नर्स, फिजिओथेरपिस्ट, डायलिसिस तंत्रज्ञ, घरी येऊन सेवा करणाऱ्या प्रशिक्षित बायका.

मोजायचं कसं? वरच्याच उदाहरणात टापूत आठ आयटीआय आहेत, प्रत्येकी दर वर्षी इलेक्ट्रिशियनची एक तुकडी, तुकडीत २० जागा. १६०. त्यातले पास होऊन त्याच कामात राहणारे समजा १२०. संधी ९७. म्हणजे थोडी गर्दी आहे, पण हताश व्हावं अशी नाही; चांगली अप्रेंटिसशिप केलेला मुलगा पुढे निघेल. हाच हिशेब तुमच्या जिल्ह्यातल्या संगणक पदविका, बी.कॉम. किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला लावून बघा. प्रवेशाच्या जागा संचालनालयांच्या संकेतस्थळांवर असतात. बाहेरून येणारे कामगार आणि बाहेर जाणारी आपली मुलं, दोन्ही अंदाजाने घाला.

पायरी ७ : गेटवर उभे राहा

सगळ्या आकड्यांची परीक्षा इथे होते. एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी जा. गेटवरच्या भरतीच्या पाट्या वाचा, चहाच्या टपरीवर बसा, ठेकेदाराच्या सुपरवायझरशी बोला. पाच प्रश्न पुरतात. गेल्या सहा महिन्यांत किती घेतले? किती सोडून गेले? का गेले? पेरोलवर घेतात की ठेकेदारामार्फत? हातात किती येतात आणि पीएफ कापतात का?

एखादी पाटी कायमच लटकलेली असेल तर सावध व्हा. ‘हेल्पर पाहिजेत, तातडीने’ असं वर्षभर लिहिलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा मागणी वाढलेली नसते. माणसं टिकत नसतात, बारा तासांची पाळी, वास, उशिरा पगार यांमुळे. अशी गळती आकड्यांत भरघोस मागणी म्हणून दिसते. फरक ओळखायची खूण सोपी: खरी टंचाई असेल तिथे वर्षभरात पगार वाढलेला असतो. पगार तोच आणि पाटीही तीच, तर ती गळती.

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही एक चक्कर मारा. तिथे उद्योगांनी कळवलेल्या जागा कळतात, मेळाव्यांच्या तारखा कळतात. मेळाव्यात किती जणांना पत्र मिळालं हे तर विचाराच, पण सहा महिन्यांनी त्यांतले किती टिकले हेही विचारा.

पायरी ८ : काम बदलणार कसं

नोकरी अखंड नाहीशी होते असं क्वचित घडतं, तिच्यातली काही कामं जातात. म्हणून उद्योगाऐवजी कामाचे तुकडे पाहा. चाकण-भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये काम बघणाऱ्याने एकच विचारावं: इथे इंजिनाचा भाग बनतो की गाडीचा? पिस्टन, इंधन पंप, सायलेन्सर विजेच्या गाडीला लागत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, सीट, दिवे लागतातच.

ऊसतोडीचंही तेच. बीडकडून दर हंगामात लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. हार्वेस्टर जसजसे वाढतील तसतशी कोयत्यांची मागणी उतरेल, आधी सलग मोठ्या शेतांत, लहान तुकड्यांत उशिरा. त्याच हंगामात हार्वेस्टर चालवणारा आणि रात्री शेतात येऊन हायड्रॉलिक दुरुस्त करणारा मिळत नाही. आई-बापांनी कोयता चालवला त्या घरातल्या मुलाला हे शिकवणं, यापेक्षा नेमकं प्रशिक्षण धोरण मला सुचत नाही.

सौरऊर्जेत उभारणीची लाट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०चं लक्ष्य १६,००० मेगावॉट आहे. पॅनेल बसवणाऱ्यांचं काम लक्ष्य संपलं की ओसरेल. इन्व्हर्टर, केबल, पंपाची दुरुस्ती पुढची वीस वर्षं चालेल. उभारणीत शिरा, पण दुरुस्ती शिकून बाहेर पडा.

पायरी ९ : तीन ओळी लिहा आणि तारीख टाका

प्रत्येक व्यवसायासमोर एकच आकडा लिहू नका. तीन लिहा: प्रकल्प अडकले तर, आहे तसं चाललं तर, आणि सगळं वेळेवर झालं तर. तिन्ही ओळींत बरा दिसणारा व्यवसाय आधी निवडा. फक्त तिसऱ्या ओळीत चमकणारा शेवटी.

समजा बोईसरची दहावी झालेली मुलगी आहे. लॉजिस्टिक्सचा महागडा खासगी कोर्स फक्त तिसऱ्या ओळीत चालतो, तोही २०३०नंतर. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा आयटीआय ट्रेड तारापूरच्या रसायन कारखान्यांत आज चालतो, औषध कंपन्यांत, वीजकेंद्रांत, पाणीपुरवठ्यात चालतो आणि पुढे बंदरातही चालेल. बारावीनंतरचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, पहिल्या ओळीतही टिकतं, शिवाय वसईपासून सिल्वासापर्यंत कुठेही. तिला यंत्रांची आवड असेल तर पहिला ट्रेड, माणसांची असेल तर नर्सिंग, आणि दोन्हीकडे पाळीच्या गाडीची चौकशी आधी. लॉजिस्टिक्स शिकायचंच असेल तर ते नोकरी करता करता, बंदराची पहिली भरती जाहीर झाल्यावर.

वहीच्या त्या पानावर खाली तारीख टाका आणि अंदाज बदलायला भाग पाडतील अशा घटना लिहून ठेवा: बंदराचा पहिला टप्पा दोन वर्षांपेक्षा जास्त लांबला, तारापूरच्या कारखान्यांची संख्या समालोचनात सलग दोनदा घटली, आयटीआयमध्ये त्या ट्रेडच्या तुकड्या दुप्पट झाल्या, २०२७च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या आपण धरली होती त्यापेक्षा फार वेगळी निघाली. दर वर्षी मार्चमध्ये आर्थिक पाहणी येते आणि आयटीआयचे प्रवेश त्यानंतर सुरू होतात. मधल्या त्या दोन-तीन महिन्यांत वही काढून आकडे नव्याने भरा.